लहान विद्यापीठाची किल्ली कोणाच्या हाती?

सिंगापूरमधील ‘येल-एनयूएस’ महाविद्यालयाच्या अखेरच्या तुकडीने २०२५ साली पदवी घेतली आणि जेमतेम बारा वर्षे अध्यापन केलेल्या या संस्थेचे दरवाजे कायमचे बंद झाले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात तिच्या ग्रंथालयातील आठ हजारांहून अधिक ग्रंथ रद्दीत काढून लगद्याच्या कारखान्याकडे रवाना करण्यात आले. विद्यार्थ्यांनी आरडाओरड केल्यावर विद्यापीठाने जाहीर क्षमायाचना केली आणि उरलेली काहीशे पुस्तके मागेल त्यास देण्याचे मान्य केले. ग्रंथसंग्रहाचा मोठा भाग विद्यापीठाच्या इतर ग्रंथालयांत सामावून घेतला गेला होता, हे येथे सांगितले पाहिजे. तथापि जे घडले ते कोणाही विद्याप्रेमी माणसाच्या जिव्हारी लागण्यासारखेच होते. नवरात्रात सरस्वतीपूजनाला पोथ्यापुस्तके पाटावर मांडून त्यांवर फुले वाहणाऱ्या आपल्या समाजाला तर ते अधिकच बोचावे. एखादी विद्यासंस्था मोडते तेव्हा नेमके काय मोडते, आणि ती मुळात मोडावीच का, या प्रश्नांचा विचार गोव्यासारख्या लहान राज्याने अगत्याने केला पाहिजे. कारण लहान आकाराच्या महाविद्यालयांचे काय करायचे हा प्रश्न आज आपल्याही उंबरठ्यावर येऊन उभा आहे.

प्रथम ही संस्था होती तरी कशी, ते पाहू. अमेरिकेतील येल विद्यापीठ आणि सिंगापूरचे राष्ट्रीय विद्यापीठ यांनी २०११ साली करार करून तिची स्थापना केली. २०१३ साली पहिली तुकडी दाखल झाली, तीत अवघे १५७ विद्यार्थी होते. पुढे पूर्ण भरभराटीच्या काळातही तेथील विद्यार्थिसंख्या हजाराच्या आसपासच राहिली. ज्याला इंग्रजीत ‘लिबरल आर्ट्‌स’ म्हणतात ते शिक्षण देणे हा तिचा हेतू होता. या शब्दाचा अर्थ आपल्याकडे ‘आर्ट्‌सची शाखा’ असा केला जातो, तो चुकीचा आहे. गणित, विज्ञान, तत्त्वज्ञान, वाङ्‌मय आणि समाजशास्त्र यांचा एकत्रित संस्कार विद्यार्थ्याच्या बुद्धीवर व्हावा, विशिष्ट धंद्याचे शिक्षण त्यानंतर यावे, अशी ही कल्पना आहे. चौदा विद्या आणि चौसष्ट कला यांचा वारसा सांगणाऱ्या आपल्या समाजाला ती परकी वाटण्याचे कारण नाही.

या महाविद्यालयात पहिल्या वर्षी प्रत्येकाला समान अभ्यासक्रम घ्यावा लागे. पुढे भौतिकशास्त्राकडे वळू इच्छिणारा विद्यार्थी आणि इतिहासाकडे वळू इच्छिणारी विद्यार्थिनी शेजारी शेजारी बसून एकच ग्रंथ वाचत. वाङ्‌मयाच्या वर्गात ग्रीकांचे ‘ओडिसी’ आणि आपले रामायण ही दोन्ही महाकाव्ये सोबतीने अभ्यासली जात. तत्त्वज्ञानाच्या वर्गात ॲरिस्टॉटलबरोबर चिनी आचार्यांचाही विचार होई. पश्चिमेचे तेवढे ज्ञान आणि पूर्वेची ती केवळ श्रद्धा, असा भेदभाव तेथे नव्हता. ज्या आशियाई देशांतील विद्यापीठे शतकभर पाश्चात्त्यांच्या पाठ्यक्रमांची नक्कल करीत आली, त्यांच्यासाठी हा प्रयोग निश्चितच मोलाचा होता. वर्ग लहान असत, व्याख्यानापेक्षा चर्चेवर भर असे आणि निबंध लिहून आणल्यावर प्राध्यापक त्यातील प्रत्येक विधानाचा जाब विचारीत.

तेथील जीवनक्रमही वर्गाइतकाच महत्त्वाचा होता. सागा, एल्म आणि सेंदाना अशी तीन निवासी महाविद्यालये तेथे होती आणि प्रत्येकाचे भोजनगृह वेगळे होते. विद्यार्थी चार वर्षे तेथेच राहत आणि काही प्राध्यापकांचे बिऱ्हाडही त्याच आवारात असे. सकाळी वर्गात सुरू झालेला वाद रात्री जेवणाच्या टेबलावर पुढे चाले. निम्म्याहून अधिक विद्यार्थी सिंगापूरचे आणि बाकीचे जगाच्या नाना देशांतून आलेले असल्यामुळे आपल्या घरी जे स्वयंसिद्ध मानले जाते ते दुसऱ्यास तसे वाटत नाही, हा धडा पहिल्या आठवड्यातच मिळे. पहिल्या वर्षी सत्राच्या सातव्या आठवड्यात वर्ग थांबवून विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष पाहणीसाठी बाहेर नेण्यात येई. पहिली तुकडी २०१७ साली बाहेर पडली, आणि त्यानंतरच्या थोड्याच वर्षांत तेथील पदवीधरांनी ऱ्होड्ससारख्या जगविख्यात शिष्यवृत्त्या मिळवून दाखविल्या. आपल्याकडील जुन्या शाळांना शंभर वर्षांत जे नाव मिळाले नाही, ते या संस्थेने दशकभरात कमावले असे म्हणण्यास हरकत नाही.

असे असताना २७ ऑगस्ट २०२१ रोजी ही संस्था बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. त्याच विद्यापीठातील दुसऱ्या एका अभ्यासक्रमाशी तिचे विलीनीकरण करून नवे महाविद्यालय काढावयाचे, ते २०२२ साली सुरू व्हावयाचे आणि जुन्या संस्थेतील शेवटची तुकडी बाहेर पडताच तिचा ग्रंथ मिटवावयाचा, असा तो निर्णय होता. विद्यार्थी आणि प्राध्यापक यांना त्याची पूर्वकल्पना देण्यात आली नव्हती. विरोधात दहा हजारांहून अधिक लोकांनी निवेदनावर सह्या केल्या. येल विद्यापीठानेही आपणास हे सहकार्य पुढे चालू राहिलेले आवडले असते, असे स्पष्ट केले. त्या कशाचाही उपयोग झाला नाही. मूळ करारातच २०२५ साली कोणाही एका पक्षास बाहेर पडण्याची मुभा ठेवलेली होती, आणि तिचा वापर झाला.

सिंगापूर सरकारने दिलेली कारणे सर्वस्वी पोकळ होती असे आम्ही म्हणणार नाही. येथे एका विद्यार्थ्यावर होणारा खर्च आणि त्याला द्यावे लागणारे शुल्क, दोन्ही मूळ विद्यापीठातील मानव्य व विज्ञान शाखांच्या दुपटीहून अधिक होते. संस्थेचा स्थायी निधी अपेक्षेप्रमाणे उभा राहिला नव्हता. या शिक्षणाचा लाभ थोड्यांपुरता न राहता अधिक विद्यार्थ्यांना मिळावा, असा युक्तिवाद मंत्र्यांनी संसदेत केला. लोकांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेबाबत हा प्रश्न विचारण्याचा लोकप्रतिनिधींना अधिकार आहे. दुसऱ्या बाजूला, सिंगापूरमधील नागरी स्वातंत्र्याविषयी येलच्या प्राध्यापकांनी २०१२ सालीच ठराव करून चिंता व्यक्त केली होती, आणि २०१९ साली असहमती व प्रतिकार या विषयावरील एक लघु अभ्यासक्रम आयत्या वेळी रद्द झाला होता. त्यामुळे खरे कारण राजकीय असावे, असा संशय अनेकांनी बोलून दाखविला. तो सिद्ध झालेला नाही आणि आमच्या मुद्द्यासाठी त्याची गरजही नाही.

आमचा मुद्दा साधा आहे. ही संस्था लहान होती म्हणून मेली नाही. तिचे सारे यश तिच्या लहानपणातूनच आले होते. ती संपली, कारण तिच्या अस्तित्वाची किल्ली तिच्या हाती कधीच नव्हती. पदवी दुसऱ्याची, जमीन दुसऱ्याची, बहुतांश पैसा दुसऱ्याचा आणि करारावर सह्या करणारेही दुसरेच. जे तेथे शिकवीत होते आणि जे तेथे शिकत होते, त्यांना निर्णयाच्या दिवशी प्रेक्षकापलीकडचे स्थान नव्हते.

या निष्कर्षाची पडताळणी करायची तर लहान उदार विद्यालयांचे माहेर असलेल्या अमेरिकेकडे पाहावे. केंटकी राज्यातील बेरिया महाविद्यालय १८५५ साली स्थापन झाले. गुलामगिरी चालू असलेल्या राज्यात गोऱ्या व काळ्या मुलांना एकत्र शिकविणे हे त्याचे ब्रीद होते. १९०४ साली राज्याने खास कायदा करून हे सहशिक्षण बेकायदा ठरविले आणि १९०८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही तो कायदा उचलून धरला. बेरियाने हार मानली नाही. काळ्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी संस्था उभारण्यास त्याने साह्य केले, आणि १९५० साली कायदा सैल होताच पुन्हा आपले दार उघडले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या इतिहासलेखनाचे जनक मानले जाणारे कार्टर वुडसन हे १९०३ साली येथूनच पदवी घेऊन गेले होते.

या महाविद्यालयात आजही सुमारे दीड हजारच विद्यार्थी आहेत. १८९२ पासून ते कोणाकडूनही शिकवणीचे शुल्क घेत नाही. प्रत्येक विद्यार्थ्याने अभ्यासाबरोबर आठवड्यातून किमान दहा तास संस्थेचे काम केलेच पाहिजे, असा तेथे दंडक आहे; कोणी शेतावर राबतो, कोणी हातमागावर बसतो, कोणी कचेरी सांभाळतो. सातारा जिल्ह्यात १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढून कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ‘कमवा आणि शिका’ हा जो मार्ग दाखविला, त्याच्याशी या प्रथेचे नाते मराठी वाचकाच्या सहज ध्यानात येईल. प्रश्न असा की, शुल्क न घेता हा गाडा चालतो कसा? मृत्युपत्रांतून येणाऱ्या देणग्या चालू खर्चात उडवावयाच्या नाहीत, त्या मूळ निधीत टाकावयाच्या, असे धोरण तेथील विश्वस्तांनी १९२० च्या सुमारास ठरविले आणि पुढे निष्ठेने पाळले. आज तो निधी एक अब्ज डॉलरच्या पुढे गेला आहे. पिढ्यानपिढ्या संयम पाळल्याचे हे फळ आहे.

दुसरे उदाहरण व्हर्जिनियातील स्वीट ब्रायर या महिला महाविद्यालयाचे. १९०१ साली एका दात्या स्त्रीच्या मृत्युपत्रातून ते स्थापन झाले. ३ मार्च २०१५ रोजी विश्वस्तांनी अचानक ते बंद करण्याची घोषणा केली. येथेही विद्यार्थिनींना व अध्यापकांना धक्का बसला. मात्र पुढची कथा सिंगापूरपेक्षा वेगळी झाली. माजी विद्यार्थिनींनी न्यायालयात धाव घेतली, मृत्युपत्रातील अटींवर बोट ठेवले आणि सव्वा कोटी डॉलरच्या घरात वर्गणीचे आश्वासन उभे केले. त्याच वर्षीच्या जून महिन्यात तडजोड झाली, विश्वस्त बदलले आणि महाविद्यालय आजही चालू आहे. त्या महिलांचे प्रेम येल-एनयूएसच्या विद्यार्थ्यांपेक्षा अधिक होते असे नव्हे. त्यांच्या संस्थेला कायद्याने स्वतंत्र अस्तित्व होते, म्हणून त्यांच्या प्रेमाला न्यायालयात उभे राहण्यास जागा मिळाली, एवढाच फरक.

अर्थात ही शिकवण घेण्यासाठी सातासमुद्रापलीकडेच गेले पाहिजे असे नाही. पुण्यात १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी फर्ग्युसन महाविद्यालय निघाले. तेथील आजीव सदस्य वीस वर्षे सेवेची शपथ घेत, अल्प वेतनावर राहत, आणि शिकविणारे तेच संस्थेचा कारभारही पाहत. त्यांच्यात मतभेद झाले, लोकमान्य टिळक १८९० साली बाहेर पडले, हा इतिहास सर्वविदित आहे. परंतु मतभेदाचे ते प्रसंगही संस्था कोणत्या तत्त्वावर चालावी याविषयीचे होते, आणि ते भांडणारे शिक्षकच होते. याच फर्ग्युसनमध्ये आमच्या साखवाळच्या धर्मानंद कोसंबींनी पाली भाषा शिकविली. कोसबे येथे १९०७ साली जन्मलेले त्यांचे चिरंजीव दामोदर कोसंबी यांनी तेथेच गणिताचे अध्यापन केले, आणि पुढे १९५६ साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासाला नवी दिशा देणारा ग्रंथ लिहिला. गणितज्ञाने इतिहास लिहावा, नाण्यांची वजने करून राजवटींचा हिशेब लावावा, यालाच उदार विद्या म्हणतात. तिचा याहून उत्तम नमुना गोमंतकाला बाहेरून आणावा लागणार नाही.

आता गोव्याकडे वळू. १९६१ च्या डिसेंबरपर्यंत उच्च शिक्षणासाठी गोमंतकीय मुलांना मुंबई, पुणे, बेळगाव, धारवाडची वाट धरावी लागे. मुक्तीनंतर सहाच महिन्यांत, १९६२ साली, पणजीला धेंपे आणि मडगावला चौगुले अशी दोन महाविद्यालये निघाली. १९८५ साली गोव्याचे स्वतःचे विद्यापीठ ताळगावच्या पठारावर उभे राहिले. आज तालुक्यातालुक्यांत महाविद्यालये आहेत आणि शेतकऱ्याची, रेंदेराची, खाणमजुराची मुलगी घरून बसने जाऊन पदवी घेते. ही मुक्तीनंतरची थोर कमाई आहे, आणि ती लहान लहान संस्थांनी करून दिली आहे.

परंतु २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च शिक्षणाच्या संस्थांनी, त्यांच्या समूहांनी वा केंद्रांनी प्रत्येकी ३,००० वा अधिक विद्यार्थ्यांचे उद्दिष्ट ठेवावे, असे सांगितले आहे. २०४० पर्यंत सर्व संस्था बहुविद्याशाखीय व्हाव्यात आणि त्यांची विद्यार्थिसंख्या हजारांत जावी, अशीही अपेक्षा त्यात आहे. तेच धोरण बाणभट्टाच्या ‘कादंबरी’तील चौसष्ट कलांचा दाखला देऊन उदार शिक्षणाचा गौरवही करते. हेतू उत्तम आहे, यात शंका नाही. मात्र उदार शिक्षण आणि मोठी संख्या या दोन गोष्टी एकाच वाक्यात लिहिणे जितके सोपे, तितके त्या एका वर्गात आणणे सोपे नाही. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. एवढ्या राज्यात तीन हजारांचा आकडा अक्षरशः पाळावयाचा म्हटले, तर अनेक महाविद्यालयांना एकमेकांत विरघळून जावे लागेल.

लहान महाविद्यालयांचे दोष आम्ही झाकणार नाही. कित्येकांत प्रयोगशाळा अपुऱ्या आहेत, ग्रंथालये बेताची आहेत, आणि चार विषयांपलीकडे पाचवा निवडण्याची सोय नाही. २०२३-२४ पासून गोव्यात चार वर्षांच्या पदवीचा नवा आराखडा सुरू झाला. त्यात विद्यार्थ्याला आपल्या मुख्य विषयाबाहेरचे विषय घेता यावेत अशी योजना आहे. शिकविणारा नसेल तर ती योजना वेळापत्रकाच्या कागदावरच राहील. म्हणून संस्थांनी एकत्र येण्यास आमचा विरोध नाही. गोव्यात अंतरे थोडी आहेत. एका महाविद्यालयाचा संस्कृतचा प्राध्यापक आठवड्यातून दोन दिवस दुसरीकडे शिकवू शकेल, ग्रंथालये एकमेकांना खुली करता येतील, महागडी उपकरणे सामाईक ठेवता येतील. आमच्या कुळागरात एकाच पाटाचे पाणी पोफळीला, मिरवेलीला, केळीला आणि जायफळाला पोचते. म्हणून कोणी त्यांची एकच बाग करण्यासाठी बांध आणि झाडे सपाट करीत नाही. साधने सामाईक असावीत, संस्था मात्र आपापल्या जागी उभ्या राहाव्यात, हाच समूहयोजनेचा अर्थ लावला गेला पाहिजे.

यासाठी तीन गोष्टी तातडीने व्हाव्यात, असे आमचे मत आहे. पहिली, अध्यापकांच्या नेमणुकांची. तासिकेवर वा कराराने वर्षानुवर्षे राबणारा तरुण प्राध्यापक, पुढच्या जूनमध्ये आपण येथे असू की नाही या विवंचनेत असतो; तो विद्यार्थ्याच्या चार वर्षांची जबाबदारी कशी घेणार? उदार शिक्षण अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेतून येत नाही, टिकून राहणाऱ्या शिक्षकाच्या सहवासातून येते. रिक्त जागा कायमस्वरूपी भरणे ही नव्या धोरणाची पहिली पायरी आहे.

दुसरी, निवासाची. गोव्यातील बहुसंख्य विद्यार्थी शेवटचा तास संपताच बस गाठतात. सत्तरी, काणकोण, सांगे येथील मुलांचा दिवस प्रवासात जातो, आणि वर्गाबाहेर जे शिकायचे ते राहूनच जाते. प्रत्येक महाविद्यालयाला वसतिगृह शक्य नसेल, पण समूहातील महाविद्यालयांनी मिळून एखादे बांधावे, आणि त्यात शिक्षकांच्या राहण्याची सोय असावी.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, स्वतःच्या निधीची आणि स्वतःच्या अधिकाराची. गोव्यात देवस्थानांना, क्लबांना, उत्सवांना सढळ हाताने देणारे लोक आहेत. आपल्या महाविद्यालयाला स्थायी देणगी देण्याची सवय मात्र आपण लावून घेतलेली नाही. मडगावच्या चौगुले महाविद्यालयास २०१४ साली स्वायत्तता मिळाली. पुढे इतरांनाही ती मिळेल. पण स्वायत्ततेचा अर्थ केवळ स्वतःची प्रश्नपत्रिका काढणे एवढाच उरला, तर ती नावापुरती राहील. विलीनीकरण वा बंदीचा कोणताही निर्णय घेण्यापूर्वी त्या संस्थेतील अध्यापक, विद्यार्थी आणि माजी विद्यार्थी यांचे मत लेखी घेतले पाहिजे, आणि तशी तरतूद समूहांच्या नियमांतच घातली पाहिजे. सिंगापूरने हेच केले नाही.

शासन आणि विद्यापीठ यांनी समूहांचे आराखडे मंजुरीला नेण्यापूर्वी ते जनतेपुढे ठेवावेत, अशी आमची मागणी आहे. त्यात कोणते महाविद्यालय राहील आणि कोणते जाईल, कोणाची जागा भरली जाईल आणि कोणाची रद्द होईल, हे स्पष्ट शब्दांत असावे. आमची महाविद्यालये लहान आहेत याचा कमीपणा कोणी मानू नये. १९६२ साली ती याहूनही लहान होती, आणि तेव्हाच्या त्या मोजक्या वर्गांतूनच गोव्याला आपले शिक्षक, डॉक्टर, वकील, पत्रकार आणि लोकप्रतिनिधी मिळाले.